चिंचटेकच्या नर्सबाईची बॅटरी

इंदू नर्सचं शिक्षण घ्यायला अमरावतीला निघाली तेव्हा तिच्या लग्नाला धड दोन वर्षंही झाली नव्हती. तिला गाडीत बसवून द्यायला अकोल्याच्या स्टेशनवर देवमन एकटाच आला होता. त्यानं तिची पत्र्याची पेटी बाकाखाली सरकवली, खाली उतरला आणि खिडकीशी उभा राहिला. डब्यात वस्तीतली माणसं होती, त्यामुळं बोलायचं ते बोलता येईना. गाडी हलली तेव्हा तो म्हणाला, "बडनेऱ्याले गाडी बदलाची हाय. ध्यानात ठेवजो." ती बरं म्हणाली. एवढंच.

ते सत्तावन्न साल. आदल्या वर्षी दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. त्या मैदानातून परतताना इंदू गाडीत कोणाशी फारसं बोलली नाही. घरी आल्यावर आठ दिवसांनी तिनं सांगितलं, "मले शिकाचं हाय." सातवी झालेली होती ती. नर्सबायांची भरती निघाली तशी तिनं अर्ज केला आणि नावही लागलं. प्रश्न होता देवमनच्या आईचा. सुंदराबाईची डावी बाजू लुळी पडली होती, तिला उठवायला-बसवायलाही माणूस लागे. पण म्हातारीनंच तिढा सोडवला. "जाय तू," ती सुनेला म्हणाली. "माह्यं उठनं-बसनं देवमन पाहीन. माय होये मी त्याची."

देवमन तायडे तेव्हा पंजाबरावांच्या दुकानात कामाला होता. मोटार स्टँडच्या मागं टिनाची शेड, दारात कडुनिंब, आणि आत भिंतीला लागून बॅटऱ्यांची रांग. ट्रकच्या, मोटारींच्या, ट्रॅक्टरच्या. वीज नसलेल्या खेड्यांतल्या पंचायतीच्या रेडिओच्याही. त्या काळी बॅटरी मेली म्हणून कोणी फेकून देत नसे. तिच्या तोंडावरचं डांबर स्टोव्हच्या जाळानं मऊ करायचं, आतला प्लेटांचा गठ्ठा चिमट्यानं वर ओढायचा, झिजून गळालेल्या प्लेटा काढून नव्या बसवायच्या, मधल्या लाकडी पट्ट्या बदलायच्या, शिशाचे जोड पुन्हा वितळवून सांधायचे, ॲसिड भरून रात्रभर चार्जिंगला लावायची. देवमनच्या सगळ्या सदऱ्यांना ॲसिडची बारीक भोकं होती. पंजाबराव म्हणायचे, "तुह्या सदऱ्यातून चांदन्या दिसतेत बावा."

शिक्षण संपलं, इंदू नर्स झाली, आणि तिची नेमणूक झाली चिंचटेकला. पातूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला टेकलेलं गाव. अकोल्याहून दिवसातून एक एस.टी. सकाळी जायची, दुपारी परतायची. दोन खोल्यांचं केंद्र, एक लोखंडी खाट, औषधाचं कपाट आणि आजूबाजूच्या साऱ्या पाड्या-वस्त्यांवरची बाळंतपणं. रजा मिळायची ती नावापुरती. आणि देवमनला आईला सोडून मुक्कामाला जाता येत नव्हतं. लग्न झालेली ही दोन माणसं अशी एकाच जिल्ह्यात राहून एकमेकांना दुर्मीळ झाली.

पहिल्या उन्हाळ्यात इंदू दोन दिवस घरी आली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, तव्याकडं बघतच तिनं सांगितलं. डोंगराकडच्या एका वस्तीवर बाळंतपणाला गेली होती. वारं सुटलं होतं. तुराट्यांच्या कुडाच्या भिंतीतून वारा आत आला आणि कंदील विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

"मूल सुखरूप झालं," ती म्हणाली. "बाईले रक्त सुटलं होतं. मले ते दिसलंच नाई. हाताले लागलं तवा समजलं."

"मंग?"

"मंग काय. गेली ते."

तिसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून देवमन थेट दुकानात गेला आणि भंगारातून मोटारसायकलची एक छोटी बॅटरी उचलली. काळी, तीन कप्प्यांची, दोन्ही हातांत सहज मावणारी. आतल्या प्लेटा पार भुगा झाल्या होत्या. त्यानं तिचं पोट रिकामं केलं, धुतलं, आणि दुसऱ्या दोन मेलेल्या बॅटऱ्यांमधल्या चांगल्या प्लेटा निवडून, कापून, घासून तिच्यात बसवल्या. पंजाबराव बाजूला उभे राहून बघत होते.

"कोनाची होये?"

"घरची."

संध्याकाळी पंजाबराव स्वतःच मोटारसायकलच्या दिव्याचा एक बल्ब घेऊन आले आणि त्याच्यापुढं ठेवून गेले. देवमननं डालड्याच्या डब्याचा पत्रा चकाकेपर्यंत घासून त्या बल्बामागं वाटीसारखा बसवला, लांब वायर जोडली, आणि बॅटरीसाठी सागाच्या फळ्यांची पेटी केली. पेटीला वर कडी, म्हणजे नेताना ती उभीच राहावी, ॲसिड सांडू नये.

तशाच दोन बॅटऱ्या त्यानं केल्या. एक तिच्याकडं जळत असेल तेव्हा दुसरी अकोल्यात चार्जिंगला. नेण्या-आणण्याचं काम जानरावानं पत्करलं. जानराव त्या मार्गावरचा कंडक्टर. आधी तो ॲसिडची पेटी गाडीत घ्यायला तयार नव्हता. ती कशासाठी आहे हे कळल्यावर त्यानं ती स्वतःच्या पायाशी ठेवायला सुरुवात केली.

खरं म्हणजे चार्ज केलेली ती बॅटरी नीट वापरली तर पंधरा दिवस तरी पुरली असती. पण देवमननं इंदूला निरोप धाडला होता की दर सोमवारी बदलायलाच पाहिजे, नाहीतर प्लेटा खराब होतात.

मग सोमवारची दुपार आली की त्याचं कामात लक्ष नसे. गाडी स्टँडवर लागे, जानराव खिडकीतून पेटी खाली देई आणि निरोप सांगे. निरोप नेहमीच छोटा. "बाईनं सांगतलं, बरं हाय. बुढीले तेल लावत जा म्हने." सगळ्या उतारूंच्या देखत कंडक्टरच्या तोंडून येणारा निरोप, त्यात आणखी काय असणार? देवमनही तसाच निरोप उलट पाठवी. बुढी बरी आहे. ज्वारी पाठवली आहे. बॅटरीत विहिरीचं पाणी घालू नको, बाटलीतलंच घाल.

पण पेटी हातात आली की तो ती लगेच आत नेई. झाकणं उघडून काचेच्या नळीनं ॲसिड ओढून बघे. नळीतला तरंगता काटा किती खाली बसला यावरून बॅटरी किती वापरली गेली ते त्याला समजायचं. काटा थोडाच उतरलेला असला तर तिचा आठवडा निवांत गेला. पार खाली गेला असला तर ती बऱ्याच वेळा कोणाच्या उशाशी बसली होती. घरी जाऊन आईला भरवता भरवता तो सांगायचा, "या हप्त्यात दोन-तीन तरी झाले वाटते."

"पोरी का पोट्टे?" सुंदराबाई विचारायची.

"ते नाई समजत त्याच्यातून."

म्हातारी तेवढ्यावरही खूश असे. ती शेजारणीला सांगे, माह्या सुनेनं या हप्त्यात तीन बाळंतपनं केली. जणू सून मागच्या खोलीतच आहे.

साठ सालच्या पावसाळ्यात एका सोमवारी जानरावानं पेटीबरोबर निरोप आणला, "बाईची तबेत नरम होती. आता बरी हाय." देवमननं काटा पाहिला. बॅटरी जवळजवळ जशीच्या तशी होती. आठवडाभर तिनं काम केलं नव्हतं. पण आता बरी आहे म्हणाली, म्हणून तो लगेच गेला नाही. पुढं शेजारणीला आईजवळ बसवून तो चिंचटेकला गेला तेव्हा त्याला कळलं. तिला दिवस गेले होते. एका बाळंतिणीकडं नाला उतरून जावं लागलं, पाणी कमरेइतकं होतं, आणि परतल्यावर दोन दिवसांनी पोटातलं राहिलं नाही.

"सांगाचं नाई का?"

"कोनाजवळ सांगू?" इंदू म्हणाली. "जानरावजवळ?"

तो तिच्या खाटेशी खाली बसला होता. त्याला वाटलं तिच्या केसांवरून हात फिरवावा. तेवढ्यात दारात कोणीतरी आलं. गावची जुनी सुईण तानुबाई, जी आता इंदूच्या हाताखाली काम करायची, घाईत आत येऊन म्हणाली, "बाई, खालच्या आळीतल्या पोरीले कळा सुरू झाल्या." इंदू उठली. पदर खोचला, पिशवी घेतली, पेटीची कडी उचलली. दारातून वळून म्हणाली, "तुमची गाडी जाईन. माह्यासाठी थांबू नका."

तिची वाट बघत तो गाडीच्या वेळेपर्यंत बसला. केंद्रात मागं थांबलेल्या तानुबाईनं त्याला गुळाचा चहा करून दिला. ती म्हणाली, "तुमचा दिवा लय चांगला हाय, बावा. आमाले आता बाळाचे नखं बी दिसतेत." त्यानं मान हलवली. इंदू यायच्या आत गाडी आली, आणि आईकडं शेजारीण तरी किती वेळ बसणार म्हणून तो तिला न भेटताच निघाला.

इंदू अकोल्याला बदली मागत होती. दर वर्षी मागायची. आधी तालुक्याच्या जनपद सभेकडं, मग जिल्हा परिषद आली तिच्याकडं. उत्तर यायचं की बदलीवर दुसरी नर्स मिळाली की बघू. डोंगराजवळच्या त्या गावात यायला दुसरी कोणी तयार नव्हती. आणि इंदूही नोकरी सोडते म्हणाली नाही. देवमननंही तिला कधी सोड म्हटलं नाही. अकोल्याच्या वस्तीतल्या आयाबाया आपल्या लेकींना इंदूचं नाव घेऊन सांगायच्या, तशी होजो.

बासष्टच्या थंडीत सुंदराबाई गेली. चार दिवस इंदू घरी होती. सगळे पाहुणे गेल्यावर दोघंच राहिली, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या घरात ती दोघंच होती. इंदू भांडी घासत होती. देवमन दारात बसला होता. त्याला म्हणायचं होतं की आता मला इथं धरून ठेवणारं कोणी नाही. तिलाही बहुधा तेच ऐकायचं होतं. पण पंजाबरावांनी त्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं, "माह्या पोराईले या कामात गोडी नाई. दुकान तूच चालव." वीस वर्षांचा असल्यापासून त्या शेडमध्ये त्याचा हात घडला होता. कोणती बॅटरी वाचेल, कोणती नाही, हे विचारायला पार वाशिमचे ट्रकवाले त्याच्याकडं येत. चिंचटेकला बॅटऱ्या कुठं होत्या?

"उद्या गाडी लवकर हाय का?" त्यानं विचारलं.

"नेहमीच्याच वेळेवर," ती म्हणाली.

ती गेली. घर आता इतकं रिकामं झालं की तो दुकानातच जेवू लागला. भाजी करायचा ती दोघांपुरती व्हायची. रविवारी सुटी असली तरी तो शेडमध्ये येऊन बसे, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची बारीक बुडबुड ऐकत. त्या आवाजात कोणीतरी हळू बोलत असल्यासारखं त्याला वाटायचं.

इंदूच्या दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लेटा त्यानं एव्हाना पुन्हा बदलल्या होत्या. पेट्या त्याच होत्या, आतलं सगळं नवं. सोमवार चुकला नव्हता.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यापासून काटा विचित्र वागू लागला. आधी काही महिने तो पार खाली जायचा, इतका की आठवड्यात पाच-सहा बाळंतपणं झाली असावीत. देवमन काळजीत पडला. एवढं काम एकटी कशी करते? मग एका सोमवारी पेटी आली ती भरलेलीच. काटा वर, जसा त्यानं पाठवला होता तसाच. त्यानं नळी धुऊन पुन्हा बघितलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

"बाई कशी हाय?" त्यानं जानरावला विचारलं.

"बरी हाय म्हनली."

साठ सालच्या पावसाळ्यातलं 'बरी हाय' देवमनला आठवलं. तो दुकानात परतला नाही. पंजाबरावांना निरोप देऊन दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसला.

चिंचटेकला उतरला तेव्हा इंदू केंद्राच्या ओट्यावर पट्ट्या वाळत घालत होती. चांगली हिंडती-फिरती. त्याला बघून तिचे हात थांबले. तो तिच्याकडं बघत होता, आणि मग त्याची नजर तिच्या डोक्यावरून वर गेली. केंद्राच्या कौलांशेजारी लाकडी खांब होता. खांबावरून तार आत गेली होती.

"लाईट कवा आली?"

"गुढीपाडव्याच्या आसपास," ती हळू म्हणाली.

आत गेल्यावर त्यानं पाहिलं. लोखंडी खाटेवर चांगला मोठा बल्ब लटकत होता. बाया आता बाळंतपणाला केंद्रातच यायच्या. लांबच्या वस्त्यांवरूनही बैलगाडीत घालून आणायचे. त्याची पेटी कोपऱ्यात, पुसून ठेवलेली.

"मंग बॅटरी पाठवून कावून रायली होती?"

इंदूनं हातातल्या पट्टीची घडी घातली. मग म्हणाली, "आधी मी दुपारी खोली लावून दिवा जाळत ठेवत होती. तुमी काटा पाहता ते जानरावनं सांगतलं होतं मले. बॅटरी उतरली पाहिजे ना." ती जमिनीकडं बघत होती. "मंग दोन हप्ते झाले, नाई जाळला. भर उजेडात दिवा लावून बसते, एवढी मोठी बाई, मलेच लाज वाटली."

"सांगून द्याचं. बंद केली असती."

"म्हनूनच नाई सांगतलं."

देवमन खाटेवर बसला. गेले काही महिने तो पंजाबरावांना सांगत होता, आमच्या बाईनं या हप्त्यात सहा केली. ती सहा बाळं नव्हतीच. बंद खोलीत एकटीच दिव्यापुढं बसलेली इंदू त्याच्या डोळ्यांपुढं आली. दर सोमवारी आपण जी नळीतून वाचत होतो ती हीच बाई, हे त्याला तेव्हा कळलं.

"मी येतो इकडं," तो म्हणाला.

"इथं काय करसान? इथं मोटार कोनाजवळ हाय?"

"पातूरले बसतो. स्टँडवर ट्रक थांबतेत. दोन-चार जनाईनं ट्रॅक्टर घेतले."

"पंजाबभाऊचं दुकान?"

"ते त्याईचं होये."

तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं त्याला वाटलं होतं. पण ती घाबरल्यासारखी झाली. म्हणाली, "मले आता कोनासंगं राहाची सवय नाई." त्यानं मान हलवली. तीच भीती त्यालाही होती.

पंजाबराव रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिसं वितळवायची जुनी कढई, डांबराचा तवा आणि चिमटे एका पोत्यात भरून ठेवले. "जाय," ते म्हणाले. "आन वाशिमच्या ट्रकवाल्याईले सांगजो, की माह्याकडं आता कोनी नाई." देवमननं त्यांना वाकून हात जोडले. गाडी सुटल्यावर त्यानं मागं वळून टिनाच्या शेडकडं पाहिलं. कडुनिंबाखाली पंजाबराव उभे होते आणि त्यांच्या बाजूला आज उघडायची होती ती ट्रकची बॅटरी.

पातूरच्या स्टँडवर त्यानं पाल ठोकलं. चार्जिंगसाठी शेजारच्या पिठाच्या गिरणीतून तार घेतली. काम थोडं होतं, पण होतं. सकाळी चिंचटेकहून सायकलनं यायचा, संध्याकाळी तसाच परतायचा. अकोल्याची शेड आठवली की हात क्षणभर थांबायचे. तिथला बुडबुडांचा आवाज मोठा होता. इथं एकावेळी तीन-चारच बॅटऱ्या.

घरात सुरुवातीला दोघंही एकमेकांना अडखळत होती. इंदू उभ्या-उभ्याच जेवायची, कारण केव्हा बोलावणं येईल याचा नेम नसे. तिला मीठ कमी लागायचं. त्याच्या हाताला आईच्या चवीची सवय होती. झोपताना ती दाराला कडी लावायची नाही, त्याला त्याशिवाय झोप यायची नाही. एकमेकांबद्दल काय काय माहीत नाही ते एकेक करून समजत गेलं. एका रविवारी ती तांदूळ निवडता निवडता आपणहून नाल्याच्या त्या दिवसाबद्दल बोलली, सगळं. पाणी किती थंड होतं तेही. तो ऐकत राहिला. ती आता तिशी ओलांडून गेली होती, आणि पुढं काही होईल असं दोघांपैकी कोणीही म्हटलं नाही.

काही बोलावणी अजूनही डोंगरापलीकडून यायची, जिथं तार पोचली नव्हती. तेव्हा ती बॅटरीची पेटी घेऊन जाई, संध्याकाळीही घरी नसे. देवमन भाकरी झाकून ठेवी, आणि वस्तीची पायवाट जिथं गावाच्या रस्त्याला मिळते तिथं जाऊन उभा राही. आता ती रोज डोळ्यांपुढं होती, तरी तिची वाट बघण्याची त्याची सवय सुटली नव्हती. कदाचित सुटावी असं त्याला वाटतही नव्हतं.

सदुसष्टच्या फाल्गुनात एकदा दिवस मावळताना ती त्या वाटेनं येताना दिसली. दमलेली, चपला हातात, साडीचा काठ धुळीनं भरलेला. तिनं त्याला दुरूनच ओळखलं.

"कावून उभे हा?"

"काई नाई. उगीच."

"पोरगी झाली," ती म्हणाली. "धडधाकट हाय."

तिची पिशवी आणि पेटी त्यानं आपल्या हातात घेतली. चालता चालता ती सांगत होती, आणि तो तिच्या आवाजाकडं जास्त आणि शब्दांकडं कमी लक्ष देत होता. पळसाची झाडं फुलली होती. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "जरा बसू," आणि ओट्यावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपी गेली. तो तिच्याशेजारी बसून राहिला. भाकरी गार होत होती, पण त्यानं तिला उठवलं नाही.